तेरा घड्यांचं पाखरू

शेपूट ओढलं की पंख हलवणारं कागदाचं पाखरू मी पहिल्यांदा पाहिलं ते लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत, आणि ते पाहून मला आनंद वगैरे काही झाला नाही. मी चिडले. एक चौकोनी कागद, त्याला ना डिंक ना कात्री ना सुई, मग ते हलतं कसं? माझा स्वभावच तसा आहे. न कळलेली गोष्ट समोर आली की मला तिचा राग येतो. जन्मात कळलेल्या गोष्टींपेक्षा न कळलेल्याच जास्त भेटल्या, त्यामुळं राग कायम नाकावर.

पाखरू करणारी बाई आमच्यापासून दोन दारं पलीकडं राहायची. तिचा नवरा मालगाडीवर गार्ड होता, दोघं गोव्याकडची. लग्नाआधी ती वलवणच्या बाजूला एका बंगल्यात मुलं सांभाळायची आणि तिथंच ही विद्या शिकली होती. माझी मुलगी तेव्हा दहा महिन्यांची. बाईनं तिच्यापुढं पाखरू धरलं, शेपूट ओढलं, पंख वरखाली झाले, मुलगी खुदकन हसली, आणि पुढच्या क्षणी पाखरू तोंडात घालून तिनं त्याचा चोथा केला. दुसरं केलं, त्याचीही तीच गत. रोज रोज दुसऱ्याच्या दारात पाखरू मागायला जाणं बरं दिसेना, म्हणून मी म्हटलं, मलाच शिकवा.

आठ दिवस मी त्या कागदाशी भांडले. आधी कागद आडवा मोडायचा, मग उभा, मग दोन्हीकडून तिरका. इथवर मी हुशार होते. मग साऱ्या मोडी एकदम आत दाबायच्या, म्हणजे मोठ्या चौकोनाचा छोटा चौकोन होतो. इथं माझं गाडं अडायचं. तिच्या हातात चौकोन व्हायचा, माझ्या हातात पानाचा विडा. "आत गो, आत!" ती ओरडायची. कशाच्या आत, हेच मला कळेना. ती समोर बसून दाखवायची, तर तिचं उजवं माझं डावं व्हायचं. मी तिच्या पाठीमागं जाऊन बसले, तर तिची बोटं दिसेनात. चहाच्या पुड्यांचे कागद संपले, गुळाचे चिकट कागद संपले, मालकांच्या जुन्या ड्यूटीचे तक्ते संपायला आले. मालक म्हणजे माझे यजमान. ते लोणावळ्याच्या यार्डात रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते, आणि घरात पाय ठेवला की कागदांच्या गोळ्यांवरून घसरायचे. "घरात उंदीर झालेत जनू," एवढंच म्हणायचे.

नवव्या दिवशी पाखरू झालं. कसं झालं ते आजही सांगता येणार नाही. मन कुठं तरी दुसरीकडंच होतं आणि बोटं आपली आपण गेली. मी शेपूट ओढलं, पंख हलले. गार्डाच्या बायकोला हाक मारायच्या आधी मला सगळ्यात धाकट्या बहिणीची आठवण आली.

बहीण माझ्या माहेरी, शिरगावला. तेव्हा नऊ वर्षांची होती. भाताच्या पेंढ्याचे बैल करावेत तर तिनंच. आणि माझं माहेर दोन वर्षं बंद होतं.

बंद होण्याचं कारण सांगायला लाज वाटते, इतकं ते फुसकं आहे. माझ्या भावाच्या लग्नात मालकांना ड्यूटीमुळं यायला उशीर झाला. थोरल्या जावयाला मानाचा पहिला फेटा बांधायचा, ही आमच्याकडची रीत. मुहूर्त टळायला नको म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो धाकट्या जावयाला, म्हणजे माझ्या मधल्या बहिणीच्या नवऱ्याला, बांधला. मालक आले तेव्हा त्यांना दुसरा फेटा बांधू लागले. त्यांनी तो डोक्यावरून काढला, मांडवात जमिनीवर ठेवला आणि मला उठवलं. आबा साऱ्या गावादेखत म्हणाले, "त्याच्या उंबऱ्याला पाय लावला तर माज्या बापाचा न्हाई." मालक म्हणाले, "आन हिला बी हितं धाडनार न्हाई." दोघांनी एका दमात माझं माहेर मिटवून टाकलं. मी मध्ये उभी होते, मला कुणी विचारलं नाही.

त्यानंतर मी बाळंतीण झाले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते चाळीत झालं. आजी-आजोबांनी नात नुसती ऐकली होती, पाहिली नव्हती. आबांना वाटायचं लेकीनं तरी निरोप धाडावा, मला वाटायचं बापानं तरी यावं. मालक वाईट नव्हते. फेटा सोडला तर त्यांच्याशी माझं काही भांडण नव्हतं. पण तो विषय काढला की ते भिंतीकडं तोंड करून जेवायचे.

पत्र लिहायलाही मनाई होती. पण पाखरू म्हणजे काही पत्र नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली. तयार पाखरू टपालात चिरडलं असतं, म्हणून मी एक चांगल्या कोऱ्या कागदाचं पाखरू केलं आणि ते सावकाश उलगडलं. कागद सपाट झाला, मोडींच्या रेघा तेवढ्या राहिल्या. प्रत्येक मोडीजवळ पेन्सिलीनं आकडा घातला. पहिली घडी, दुसरी घडी, असं करत तेरापर्यंत. बहिणीला आकडे येत होते, तिला तेवढं पुरलं असतं. शब्द मात्र एकही लिहिला नाही. लिहिला असता तर ते पत्र झालं असतं आणि मी मालकांचा शब्द मोडला असता. बघा माझी अक्कल!

चोच कुठल्या कोपऱ्याची करायची हे तिला कळावं, म्हणून तो कोपरा मी चिमूटभर फाडला. गार्डानं पाकिटावर इंग्रजीत पत्ता घातला, त्याच्या बायकोनं ते पेटीत टाकलं.

आता हे ऐकून आमच्याकडचं कुणीही कपाळावर हात मारील. लग्नाच्या पत्राला कुंकू लावतात आणि मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. कोपरा फाटलेलं पत्र घरात घेत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचतात आणि तिथंच फाडून टाकतात. हे मला पाच-सहा वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. चुलता गेला तेव्हा मी स्वतः तसं पत्र पाहिलं होतं. तरी मी कोपरा फाडला.

पुढं शिरगावात काय झालं ते आईनं मला सांगितलं. पाकीट आलं ते इंग्रजी पत्त्याचं. रेल्वेच्या हाफिसातून आलं असणार, असं पहिल्याच घावात ठरलं. आबांनी ते उघडलं आणि फाटका कोपरा पाहून तसेच अंगणात खाली बसले. मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी कागद उलटासुलटा केला, उन्हात धरला आणि म्हणाले, "अक्षर एक नाही. नुसते आकडे आहेत." शेजारच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "कितीपतोर?" तेरापर्यंत. "मंग काय इचारता! धावं बी कळवलंय, तेरावं बी कळवलंय. लिवनाऱ्याचा हात चालला नसंल बिचाऱ्याचा." कोण गेलं ते मात्र कागद सांगेना. लेक, नात की जावई?

आबांनी मुंडासं काढून खांद्यावर टाकलं आणि उघड्या डोक्यानं तळेगाव स्टेशनाची वाट धरली. आई मागून. धाकटीला माझ्या भावाकडं ठेवलं. गाडीत आईनं देवाशी बोलणी केली. तिघांतलं एक माणूस गेलंय हे तर पक्कं, मग कोण जावं? मळवली येईस्तोवर तिनं लेक आणि नात ठेवून घेतली आणि जावई देऊन टाकला. हे तिनं मला कैक वर्षांनी सांगितलं. सांगताना पदर तोंडाला लावून आधी हसली, मग रडली.

मी त्या दुपारी न्हाऊन बाहेर केस वाळवत उभी होते. न्हाताना कुंकू धुऊन गेलेलं, अजून लावायचं होतं. चाळीच्या टोकाला कुणी तरी गळा काढलेला ऐकू आला आणि पाहते तर माझी आई. तिच्यामागं आबा, उघड्या डोक्यानं. दोन वर्षांत न आलेली माणसं अशी यायला लागली तर दुसरं काय समजायचं? बरोबर बहीण नव्हती. मी ओरडले, "आये, कोन गेलं?"

आईनं मला धरलं, चाचपलं. मी जिवंत, एवढं तिला पटलं. मग ती मला सोडून आत धावली. मुलगी झोळीत गाढ झोपलेली, हूं की चूं नाही. आईनं जी किंकाळी फोडली, तिनं पोर दचकून उठली आणि भोकाड पसरलं. म्हणजे नातही जिवंत. आई बाहेर आली, माझ्या पांढऱ्या कपाळाकडं बघितलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून खाली बसली. "जावई गेलं गं माजं! जावईबापू गेलं!"

आता मी काय करावं? मालक सकाळी भाकरी बांधून यार्डात गेले होते. सांध्यांवरचं काम, डब्यांमधून वाकून जायचं. त्या कामात कुणाचा पाय गेलेला, कुणाचा जीव गेलेला मी ऐकला होता. ही माणसं आत्ता गाडीतून उतरली, स्टेशनातून आली, म्हणजे स्टेशनात पाहूनच आली असणार. आईला कळलं आणि मला कळलं नाही! मी तिच्या गळ्यात पडले आणि माझ्याच नवऱ्यासाठी धाय मोकलून रडू लागले. माझं रडणं ऐकून आईची खात्री पटली. तिचं ऐकून माझी पटली. चाळीतल्या बायका जमल्या. गार्डाची बायको क्रूस करत आली आणि काही न विचारता आमच्यात बसून रडायला लागली. कुणी पाणी तापवायला ठेवलं. आबा उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून, गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. बापाचं नाव घेऊन सोडलेला उंबरा त्यांनी ओलांडला होता, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्यांच्याही नाही.

तेवढ्यात मालक आले. काखेत लाल-हिरवी निशाणं, हातात भाकरीचं रिकामं फडकं. दारातल्या बायकांना गेलं ते माझ्या माहेरचं कुणी वाटत होतं, त्यांनी वाट दिली; आत आम्ही दोघी पदरात तोंड खुपसून रडतोय, सासरा उघड्या डोक्यानं बसलेला. त्यांना वाटलं, माझा भाऊ गेला. त्यांनी टोपी काढली, निशाणं कोपऱ्यात ठेवली आणि मान खाली घालून आबांच्या शेजारी बसले. फेट्यावरून दोन वर्षं भांडलेले दोन पुरुष बोडक्या डोक्यांनी मांडीला मांडी लावून बसले. दोघांपैकी कुणीही कुणाकडं बघेना. दुःखात बघू नये, एवढी रीत दोघांनाही होती.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मालकांनी हळूच विचारलं, "मामा, कसं झालं?"

आबांनी मान न उचलता उत्तर दिलं, "आमाला काय म्हाईत? तुमच्याच रेल्वेत..." आणि मग त्यांनी मान उचलली. "पाव्हनं? तुमी हितं?"

"मंग मी कुटं असनार?"

त्यानंतर जे झालं ते मला नीट आठवत नाही, कारण मी हसत होते की रडत होते तेच मला कळत नव्हतं. आईनं जावयावरून बोटं मोडली, कडाकडा, आणि पुन्हा पुन्हा मोडली. देवाला तिनं काय देऊन टाकलं होतं ते तिचं तिलाच माहीत. बायका एकमेकींना विचारत होत्या, मग गेलं कोण? मालक तेच विचारत होते. आबा उठले, बाहेर गेले आणि चाळीच्या तोंडाशी धोंड्याखाली दडपून ठेवलेला कागद घेऊन आले. असा कागद घरात आणत नाहीत म्हणून बाहेर ठेवला होता, आणि अर्थ लागला नव्हता म्हणून फाडला नव्हता. आता उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

"ह्ये कुनी धाडलं?"

मी कागद पाहिला. आकडे माझे, रेघा माझ्या, फाटका कोपरा माझा. मी खाली बसले आणि घड्या घालायला लागले. आकडे समोर असूनही बोटं चुकत होती, सहाव्या घडीला मी परत उलगडलं. सारी चाळ बघत होती. तेरा घड्या झाल्या. फाटक्या कोपऱ्याची चोच केली. शेपूट ओढलं आणि पाखरानं पंख हलवले. झोळीतली पोर आईच्या कडेवर होती, ती हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

"शिरगावला धाडलंस?" मालक म्हणाले. "मला न इचारता? आन कोपरा कशाला फाडलास गं? येवडंबी कळंना व्हय तुला?"

मी म्हणणार होते, चोचीची खूण म्हणून. खरंच मी त्यासाठीच फाडला होता. पण तेव्हाच मला पहिल्यांदा शंका आली. पेन्सील हातात होती. तेरा आकडे घातले होते, चोचीशी फुली मारता आली असती. मग फाडला का? फाडताना कागदाचा आवाज झाला तो मला आठवत होता. तो आवाज ऐकून मी क्षणभर थांबले होते, हेही आठवत होतं. थांबून मी काय विचार केला, ते मात्र आठवत नव्हतं. आज इतकी वर्षं झाली, ते अजून आठवत नाही. घरात तान्ही लेक, जिवंत नवरा, आणि मी आपल्याच घरातल्या मरणाचा कागद धाडला, इतकी मी दुष्ट आहे की इतकी बावळट? दोन्हींपैकी कोणती मी, हे ठरवायला मी पुष्कळदा बसले आणि तशीच उठले.

आबा उंबऱ्याबाहेर उभे होते. मुंडासं अजून खांद्यावर. त्यांनी एकदा उंबऱ्याकडं बघितलं, एकदा आत, जिथं ते घटकाभर बसले होते तिकडं. शपथ मोडली होती हे त्यांना आता कळलं होतं. त्यांचा आवाज अगदी खाली आला.

"खरं सांग. चुकून झालं, का मुद्दाम केलंस?"

मी चुकून म्हटलं असतं तर ते चुकून आलेले ठरले असते. त्यांनी मुंडासं डोक्याला गुंडाळलं असतं आणि संध्याकाळच्या गाडीनं ते गेले असते, आणि पुन्हा म्हणून आले नसते. मुद्दाम म्हटलं तर मालक शेजारी उभे होते. त्यांच्या जिवावर बेतेल असा अभद्र कागद बायकोनं जाणूनबुजून धाडला, हे ऐकून कुठला नवरा गप्प बसेल? त्यात मला स्वतःलाच खरं काय ते माहीत नव्हतं. मी मालकांकडं बघितलं. ते खाली, आपल्या हातातल्या टोपीकडं बघत होते.

"व्हय आबा," मी म्हटलं. "मुद्दाम केलं."

आई म्हणाली, "अगं कैदाशिणी!" गार्डाच्या बायकोनं पुन्हा क्रूस केला. मालक टोपी हातात फिरवत राहिले. मी आबांच्या हाताकडं बघत राहिले, ते मुंडाशाला हात घालतात की काय म्हणून. मग ते उंबरा ओलांडून आत आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"मंग दोन वर्सं कशाची वाट बघत बसलीवतीस?"